म्हाताऱ्याची कंबर

पूलवाल्याला ना बायको, ना पोर. होता तो पूल. त्याला तो 'म्हातारा' म्हणायचा. होड्या आल्या की अलीकडच्या काठावरच्या खोलीतल्या चाकाचं हँडल फिरवून मधला भाग वर उचलायचा, गेल्या की अलगद खाली टेकवायचा. वडिलांनी दोघा भावांना हे काम शिकवताना एकच दम दिला होता, "खुंटी काढली की हँडल सोडायचं नाही. म्हातारा आपटला तर कंबर मोडेल त्याची!" धाकटा पुढे गॅरेजात लागला, पण कठड्यावरून हात फिरवल्याशिवाय तोही कधी पूल ओलांडायचा नाही.

त्या दुपारी बाजारात सुरा चालला, एक माणूस मेला. मारणारा पलीकडच्या वस्तीतला, एवढंच कळलं आणि लोकांची माथी भडकली. रॉकेलचे डबे घेऊन जमाव पुलाकडे सुटला. पूलवाल्याने खिडकीतून ते पाहिलं. पलीकडे सगळी लाकडाची घरं, आणि आत म्हातारेकोतारे, तान्ही पोरं. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? त्याने गरागरा हँडल फिरवून पूल उचलला, चाक अडवायला खुंटी ठोकली आणि हँडल काढून नदीत भिरकावलं.

तोवर जमावाने खोलीचं दार मोडलं. सगळ्यांच्या पुढे कोण, तर धाकटा!

"दादा, पूल खाली घे."

"हँडल नदीत आहे. जा, मार उडी."

धाकट्याने हातातली सळई त्याच्या खांद्यावर हाणली. सख्ख्या भावाच्या! हाड कडकन मोडलं.

"मला बनवतोस? दुसरं हँडल खाटेखाली असतं," म्हणत त्याने ते ओढून काढलं आणि चाकाला लावायला गेला.

पूलवाला आडवा आला तेव्हा कुणीतरी त्याच्या तोंडावर लाथ घातली, पुढचे दात पडले. रक्त थुंकत तो खुंटीपर्यंत सरपटला आणि धड असलेल्या हाताने कोपऱ्यातला घण उचलला.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, नको रे! म्हातारा मरेल!"

"मरू दे!"

घणाच्या घावासरशी खुंटी उडाली. चाक भन्नाट उलटं फिरलं, नुकत्याच बसवलेल्या हँडलने धाकट्याची बोटं ठेचली आणि पुलाचा मधला भाग धाडकन आपटला. कंबर मोडलीच. दोन तुकडे होऊन तो नदीत गेला, पाणी पार खिडकीपर्यंत उडालं.

जमावाने आईबहिणीवरून शिव्या घातल्या, पूलवाल्याला आणखी तुडवलं. पण समोर एवढी रुंद नदी, करणार काय? एकेक जण माघारी वळला.

धाकटा तेवढा राहिला. ठेचलेली बोटं छातीशी धरून हंबरडा फोडत होता, "आपला म्हातारा गेला रे, दादा!"

पूलवाल्याने त्याची कॉलर धरली. "लोखंडासाठी रडतोस? पोरं जाळायला निघालास तेव्हा कुठे गेलं होतं हे पाणी?"

पूलवाल्याने त्याला सोडलं, खिडकीबाहेर मोकळ्या नदीकडे पाहिलं, आणि मग रक्ताळल्या तोंडाने तोही मोठमोठ्याने रडायला लागला.