पितळेची गोळी

सुकदेवने रायफलचा दस्ता खांद्याला टेकवला तसा पराग पुढे झाला.

"शेठ, एक मिनिट. पुन्हा सांगतो, ऐका."

गलोंडा गावामागच्या बंद दगडखाणीत तिघेच होते. शेठनी काडतुसांतल्या शिशाच्या गोळ्या काढून त्यांच्या जागी पितळेच्या बसवल्या होत्या, दारू तेवढीच. गोळ्या इंजिनियर परागनेच शेठच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये घडवल्या होत्या. वजन शिशाइतकंच हवं, असा शेठचा हुकूम होता. पितळ हलकं, म्हणून त्याने लांबी वाढवली आणि चकाकी पाहून स्वतःवरच खूश झाला. काल बंदुकांवरचं एक पुस्तक चाळताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"शिसं मऊ. नळीच्या आतल्या पिळदार खाचांत दबून वाट काढतं. पितळ दबत नाही. शिवाय लांब गोळी काडतुसात खोल बसली, दारूला जागा उरली नाही. आतला दाब फार वाढेल."

"दाब वधे तर स्पीड पण वधे ने?" शेठनी आपल्या गुजरातीत विचारलं.

"वाढेल, पण रायफलच फुटली तर..."

"बस, परागभाई! तमेच बनावी, ने तमेच डरो छो?"

सुकदेव हसला. कारखान्याच्या गेटवर दंडुका घेऊन उभं राहण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आज नेम साधला तर शेठ त्याला बंदूकवाला गार्ड करणार होते.

"साहेब, घाबरता कशाले? शेठनी एवढ्या भरवशानं हाती दिली."

बार झाला. समोरच्या फळीतून गोळी आरपार गेली. शेठनी टाळी वाजवली. सुकदेव खांदा चोळत रिकामं काडतूस काढायला बोल्ट ओढू लागला. तो हलेना.

"खोलो, इंजिनियर," म्हणत शेठनी रायफल परागकडे दिली.

परागने बोल्टची मूठ धरली. थोडा जोर लावला असता तर ती सुटली असती, हे त्याच्या हाताला कळलं. त्याने दात आवळले, मान लाल केली, पण मनगट सैलच ठेवलं.

"नाही उघडत. सुरतेला कारागिराकडे पाठवावी लागेल. आज राहू द्या."

शेठचा चेहरा पडला. परागचा श्वास मोकळा झाला.

"द्या इकडं," सुकदेव म्हणाला. साहेबांची फजिती त्याला बघवेना. "साहेबांचे हात कागद-पेन्सिलीचे, शेठ. त्यांचं काय चुकलं?"

त्याने टाचेने एकच दणका दिला. बोल्ट उघडला. रिकामं काडतूस परागच्या पायाशी पडलं. बुडाची टोपी चपटी झाली होती, भोवती काजळी धरली होती; दाब हद्दीबाहेर गेल्याची ती खूण होती. तो ते उचलून शेठपुढे धरणार, तोवर शेठनी खिशातून दुसरं काढून सुकदेवला दिलं होतं.

"सुकदेव, नको रे. ऐक माझं."

"तुमच्याच हातच्या गोळ्या आहेत साहेब," सुकदेव मायेने म्हणाला. त्याने गाल दस्त्याला टेकवला. "जरा मागं व्हा. कान झाका, दडे बसतील."

परागचे हात कानांवर गेले.