द्वारकाकाकूंचा उजवा हात

पुनम जपानला गेली तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, हे आधीच सांगून टाकते. आम्ही दोघी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या, एकाच गल्लीतल्या. नर्सिंग बरोबर केलं, हिंगोलीच्या जपानी भाषेच्या क्लासलाही एकाच जीपने जायचो. फरक एवढाच, की शब्द मला पाठ असायचे आणि ती जीपमध्ये माझ्या वहीतून उतरवून घ्यायची.

क्लासचे वैजनाथ सर सांगायचे, "तिकडं म्हाताऱ्यांना सांभाळायला तरुण हातच उरले न्हाईत. पहिले तिथला माणूस एकदा कंपनीत लागला की म्हातारा होईस्तोवर तिथंच. बाहेरच्याला कोण विचारत होतं? आता त्यांच्या पोरांनाबी करारावर घेऊन राहिले, अन् तुमच्यासारख्यांना बोलावून राहिले." करार म्हटलं की बाकीच्या पोरींचे चेहरे पडायचे. मला हसू यायचं. मी हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर चार वर्षं काढली होती. बारावा महिना घरी बसायचं आणि मग पुन्हा नवा अर्ज. आम्हाला मिळणार होता तो पाच वर्षांचा करार मला जन्माच्या नोकरीसारखा वाटत होता.

मुलाखत घ्यायला जपानहून एक बाई आल्या. सरांनी क्लासशेजारच्या मिराबाईंना खुर्चीत बसवलं, पुढ्यात वरणभात आणि चमचा ठेवला. त्यांचा उजवा हात लुळा आहे असं समजून त्यांना जेवायला मदत करायची होती. मी हात धुतले, भात मऊ कालवला, फुंकर घालून एकेक घास तोंडात दिला. एक शीत सांडलं नाही. मिराबाई म्हणाल्या, "सूनबी एवढं करत न्हाई." पुनमने काय केलं? चमचा त्यांच्याच हातात दिला, कोपराखाली आपला तळवा धरला आणि नुसती उभी राहिली. अर्धा भात म्हातारीच्या मांडीवर.

निवड पुनमची झाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आळशीपणाला बक्षीस! सर समजावत होते, की तिकडे म्हाताऱ्यांची कामं आपण करून टाकायची नसतात, त्यांची त्यांना करू द्यायची असतात. "मग आमाला बोलावतात काहून?" मी विचारलं. सरांनी सहा महिन्यांनंतरच्या मुलाखतीला माझं नाव लिहिलं. त्याच आठवड्यात दवाखान्याने माझा करार संपवला.

आणि निघायच्या आधी पुनम माझ्याच दारात आली. "नंदे, आईला तू पाहशील का? दुसऱ्या कोणाचा मला भरोसा न्हाई. दवाखाना देत होता तेवढा पगार देते."

तिच्या आईला, द्वारकाकाकूंना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात जेमतेम चालायचा. म्हणजे ही जपानच्या म्हाताऱ्यांना सांभाळणार आणि मी हिच्या आईला. नाकाला मिरच्या झोंबल्या, तरी हो म्हटलं. पुढच्या मुलाखतीत अनुभव म्हणून सांगता आलं असतं. आणि खरं सांगू? सेवा कशाला म्हणतात ते मला अख्ख्या गल्लीला दाखवायचं होतं.

"फक्त तिला तिच्या हातानं खाऊ दे. वेळ लागला तं लागू दे," जाताना ती म्हणाली.

पहिल्या दिवशी काकूंनी चमचा धरला आणि वरण गळ्यावर ओघळलं. मी चमचा काढून घेतला. "आणा काकू, मी हाय ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी हात पुढे केला, तो मी अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. पाणी मी पाजायचे, वेणी मी घालायचे, पदरसुद्धा मीच सारखा करायचे. दोन आठवड्यांत त्यांनी हात पुढे करणं सोडलं. शेजारच्या नानीबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "पोटच्या पोरीनं केलं न्हाई एवढं." ते ऐकायला इतकं गोड वाटायचं, की त्या यायच्या वेळेलाच मी ताट वाढायला लागले.

पुनम फोनवर विचारायची, "आई हातानं खाते ना?"

"खाते की," मी म्हणायचे.

माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन काकूंसमोर डब्याला टेकवून ठेवला. पुनमच्या अंगात निळा गणवेश होता, केस नीट बांधलेले, गाल वर आलेले. माझा जीव जळला. तिच्या बाजूला एक जपानी आजोबा बसले होते.

"बघ आई, दोन महिने लागले, पण आज सदऱ्याची सारी बटणं या आजोबायनंच लावली." आजोबांनी हसून मान लववली. "आता तू दाखव आजोबायला. त्यो गिलास उचल. मी होते तवा उचलायचीस तसा."

काकूंनी पुढ्यातल्या ग्लासकडे पाहिलं, मग उजव्या हाताकडे. मी मांडीवर ठेवला होता तसाच तो पडला होता. बोटं जराशी हलली आणि राहिली.

"उचल ना आई. सावकाश. आमी थांबतो."

पुनम थांबली. आजोबाही थांबले. मग काकूंनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि रोजच्यासारखा आ केला.

तोवर माझा हात ग्लासापाशी पोचला होता.