सव्वाने गुणा

मी एक जुना दाबमापक आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी तुमच्याशी गोड बोलायला आलेलो नाही. माझी काच तडकलेली आहे, काटा वाकडा आहे आणि माणसांवर माझा राग आहे. तो का, ते ऐका.

माझ्या पोटात पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी आहे. तिच्यात वाफ शिरली की ती सरळ व्हायला बघते. तिचं टोक हलतं, दांडी ओढली जाते, दातेरी चाक फिरतं आणि काटा पुढे सरकतो. वाफेला बाहेर पडायचं असतं आणि भांडं तिला सोडत नाही. मग ती भांड्याच्या आतल्या बोटभर बोटभर जागेला सारख्याच जोराने ढकलत राहते. त्या ढकलण्याला दाब म्हणतात. तो किती आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम.

मला एका मोठ्या लाँड्रीतल्या बॉयलरवर बसवलं. बॉयलर तळघरात होता. त्याच्या डोक्यावर इस्त्रीची लांबच लांब खोली होती. तिथे अकरा बायका तापलेल्या रोलरखालून ओल्या चादरी काढायच्या. बॉयलर दाजी सांभाळायचे. ते मालकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालक त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणू लागले. ती थोरली बहीण, म्हणजे ताई, वर इस्त्रीच्या खोलीतच कामाला होती.

दाजी रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायचे. कुणी खाली आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा खोटं बोलत नाही." माझ्या आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. सहा वर्षं मी त्यावर काढली.

मग मालकाने एका इस्पितळाच्या चादरींचं काम घेतलं. गाठोड्यांचा ढीग दारापर्यंत आला. मालकाच्या तोंडी एकच शब्द उरला, 'लवकर'. वरच्या बायकांनी त्याची थट्टा करून ठेवली होती. मालक 'पाच मिनिटं' म्हणाला की सहाने गुणायचं आणि 'जरासं काम' म्हणाला की दहाने. त्या हसायच्या, पण जेवण अर्ध्यावर टाकून उठायच्याही.

एकदा माझ्यासमोरच मालकाची आणि दाजींची जुंपली.

"दाजी, वाफ पुरत नाही. रोलर तापत नाहीत."

"मर्यादा दहाची आहे. बॉयलरच्या पाटीवर कोरलंय. दहाच्या वर मी नेणार नाही."

"पाटीवर काय, काहीही लिहितात! तुम्ही भित्रे आहात, पहिल्यापासून."

"भित्रा आहे म्हणून वरच्या बायका संध्याकाळी धडपणे घरी जातात."

मालकाच्या हातात पाना होता. तो त्याने भिरकावला. दाजींनी मान वळवली आणि पाना मला लागला. काच तडकली, आतली दांडी सरकली. त्या दिवसापासून माझा काटा मागे राहू लागला.

काही दिवसांनी तपासनीस बाई आल्या. त्यांनी स्वतःजवळचा नवा मापक माझ्याशेजारी जोडला. त्याने पाच दाखवले तेव्हा मी चार दाखवले. त्याने दहा दाखवले तेव्हा मी आठ. बाईंनी भुवया चढवल्या.

"पंधरा दिवसांत हा बदला," त्या मालकाला म्हणाल्या. "तोवर हा जे दाखवेल त्याला सव्वाने गुणा. सव्वा हा याचा गुणांक."

मित्रांनो, गुणांक म्हणजे तुमचे परीक्षेतले गुण नव्हेत. आपल्या हातातल्या आकड्याला ज्याने गुणलं की तो खऱ्या गोष्टीशी जुळतो, तो गुणांक. तापलेलं लोखंड किती लांबेल, जड पेटी फरशीवरून ओढायला किती जोर लागेल, हे काढायचं तर त्यांचेही गुणांक ठाऊक असावे लागतात. बाईंनी माझा गुणांक पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरून तो माझ्या गळ्यात अडकवला. खुंटीवरच्या तपासणीच्या वहीतही लिहिला. मला फार लाज वाटली. पण माझ्यामुळे आता कुणी फसणार नव्हतं.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. नवा मापक आला नाही. एका सकाळी दाजी यायच्या आधी मालक एकटाच खाली आला. त्याने माझ्या गळ्यातला बिल्ला तोडला आणि खिशात टाकला. मग तो सेफ्टी व्हॉल्व्हकडे वळला. दाब मर्यादेबाहेर गेला की ही झडप आपोआप उघडते आणि वाफ बाहेर सोडते. ती लवकर उघडू नये म्हणून त्याने पान्याने तिची स्प्रिंग आवळली.

"सारखी फुसफुसत असते मेली," तो पुटपुटला.

दाजी आले. त्यांनी काटा नेहमीसारखा आठवर ठेवला.

"आठवर काय झोपलाय?" मालक गरजला. "दहाची मर्यादा ना तुमची? मग दहावर न्या."

"याचे आठ म्हणजेच खरे दहा. बिल्ला कुठे गेला?"

"कसला बिल्ला?"

दाजींनी माझ्या गळ्यापाशी चाचपून पाहिलं. त्यांच्या कानशिलावरची शीर तडतड उडत होती. मग ते भिंतीला धरून खाली बसले. डॉक्टर आले, त्यांनी दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब मोजला. "एकशे ऐंशीच्या वर गेलाय. तीन दिवस अंथरुणातून उठायचं नाही." पट्ट्याला जोडलेला मापक माझ्याच जातीचा होता. त्याचं म्हणणं मात्र सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

त्या रात्री घरी काय झालं ते ताईनेच पुढे माझ्यासमोर सांगितलं. ती नवऱ्याला नाही नाही ते बोलली होती. "माझ्या भावाला तुम्ही पहिल्यापासून पाण्यात बघता. त्याचं बरं चाललेलं तुम्हाला बघवत नाही." दाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळी ती निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जातेस तर जा. काट्याला सव्वाने गुण." तिला तो टोमणा वाटला.

मालकाने तिलाच माझ्यासमोर बसवलं. "ताई, तू घरातली आहेस म्हणून विश्वासाने बसवतोय. काटा दहावर गेला की बर्नर बंद कर, नऊवर आला की चालू. बास. बटणं तर रोज बघतेस, दाजींना डबा द्यायला येतेस तेव्हा." मित्रांनो, हाही दाबच. आपलं माणूस 'तू घरातली आहेस' म्हणून ढकलतं, तेव्हा ते मोजायला कुठलाच काटा नसतो.

दुपारपर्यंत मी साडेनऊवर पोचलो. म्हणजे खरा दाब बारापाशी. माझ्या नळीला तो आतून कळत होता. मी जीव खाऊन थरथरलो, पण मला तोंड नाही. बॉयलरच्या पोटातून कणकण आवाज यायला लागला. ताईने मान वर केली. असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती उठली, पाटीजवळ गेली. दहा. माझ्याकडे आली. साडेनऊ. ठीकच होतं की. तरी तिचं समाधान होईना. तिने खुंटीवरची वही काढली, पानं उलटली आणि थांबली. 'या मापकाचा गुणांक सव्वा. खरा दाब गुणून घ्यावा.'

तिने खडूने भिंतीवर गुणाकार मांडला. एकदा चुकला, पुसून पुन्हा मांडला. मग तिने बर्नरचं लाल बटण दाबलं. दाजींना पाहिलं होतं तसा वाफ सोडायचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू, पाव पाव फेरा उघडत गेली.

वर रोलर थंड पडले. मालक धडधडत खाली आला.

"कुणी बंद केलं?"

"मी."

"ताई, वेडी झालीस का? संध्याकाळी गाडी येणार आहे! सरक बाजूला!"

"बिल्ला तू काढलास?"

"चालू कर आधी!"

"बिल्ला तू काढलास का, ते सांग."

तो बटणाकडे झेपावला. ती मधे उभी राहिली. त्याने तिला ढकललं, ती माझ्याखालच्या पाइपवर आदळली, कोपर भाजलं. ती जागची हलली नाही. तिने मान वर करून जिन्याकडे हाक मारली, "पळा गं सगळ्याजणी! लाँड्रीबाहेर पडा!"

"आजपासून तू माझी कुणी नाहीस," मालक म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताईच्या निरोपावरून आलेल्या तपासनीस बाईंनी बॉयलर उघडला. भट्टीवरच्या पत्र्याला मुठीएवढा फुगवटा आला होता आणि त्यावर केसासारखी बारीक चीर होती. "अजून तासभर चालला असता तर..." बाईंनी वर छताकडे पाहिलं.

तुम्हाला वाटेल, मग सगळ्यांनी ताईचे आभार मानले असतील. छे! लाँड्रीला कुलूप लागलं, इस्पितळाचं काम गेलं, अकराजणींचं कामही गेलं. त्यांतली एक तळघराच्या दारात येऊन ताईला म्हणाली, "बहीणभावांच्या भांडणात आमच्या पोटावर पाय दिलास." ताईने फुगवट्याकडे बोट केलं. त्या बाईने तिकडे पाहिलंही नाही. मालक त्यानंतर बहिणीशी कधीच बोलला नाही. समोरून आली तर रस्ता ओलांडतो.

दाजी बरे होऊन मला काढायला आले तेव्हा ताई सोबत होती. कोपराला पट्टी होती. त्या रात्री ती काय काय बोलली आणि सकाळी त्यांचं बोलणं तिला टोमणा कसं वाटलं, ते तिने कबूल करून टाकलं. दाजींनी माझा आटा सोडवला.

"भीती वाटली का गं?" त्यांनी विचारलं.

"खूप. तुम्ही नीट समजावून का नाही सांगितलंत?"

"मीही रागात होतो." मला फडक्यात गुंडाळत ते म्हणाले, "चुकलंच."

तपासनीस बाईंनी मला एका शाळेच्या प्रयोगशाळेला दिलं. इथे मी कपाटात असतो. मुलं माझ्या तडकलेल्या काचेवर टिचक्या मारतात, मला खोटारडा म्हणतात. म्हणोत. मी चुकत होतो, पण कितीने चुकतो ते सांगून चुकत होतो. ते सांगणं ज्याने तोडून खिशात टाकलं, त्याला कुणी कपाटात ठेवलं नाही.

म्हणून मित्रांनो, माझी कीव करू नका, काळजी घ्या. उपकरण बिघडलं तर ते लगेच बदला. बदलेपर्यंत त्याची चूक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि ते लिहिलेलं पुसायला कुणी आलं, तर त्याचा हात धरा, मग तो हात सख्ख्या भावाचा का असेना.