मायलेकींचा दावा

नमिताबाईंना वर्गात सगळे काकू म्हणायचे, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. वय अठ्ठेचाळीस. सेवाग्रामच्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळायची बावीस वर्षांची नोकरी, आणि वर्ध्यात विद्यापीठाचं सकाळचं लॉ कॉलेज. साडेसात ते साडेदहा कायदा, मग स्कूटीवरून थेट ड्युटी. पोरगी इला बी.ए. होऊन कायद्याला जाते म्हणाली, तेव्हा फॉर्म आणायला याच गेल्या होत्या. खिडकीपाशी एक मागायच्या ऐवजी दोन मागितले. असं कुणी करतं का? पण केलं खरं. नवरा श्रीधर, शाळेतून रिटायर झालेले मास्तर. दोन फॉर्म बघून ते एवढंच म्हणाले की मग डबे आता मी भरत जाईन.

तर काकू. वर्गातली पोरं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती, आणि तिथंच सगळा घोळ होता. मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला. कॉलेज एक कागदी भांडण तयार करून देतं, दोघं दोन बाजूंनी उभे राहतात, समोर कुणी पाहुणा वकील न्यायाधीश होऊन बसतो आणि मार्क देतो. अशी तीन मूट करावी लागतात. पहिल्यात नमिताबाईंची दातखीळ बसली, तर समोरच्या रुपेशनं उठून सांगितलं की काकूंचं म्हणणं मला मान्य आहे. दुसऱ्यात आकांक्षानं तर आपला मुद्दा अर्ध्यावर टाकून यांना पाण्याची बाटली आणून दिली. दोन्हीत पास! तो शेरा दिसला की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुणीतरी एकदा आपल्याशी खरंखुरं भांडावं, हरवायचं तर सरळ हरवावं, पण दयामाया करू नये, एवढंच त्यांना हवं होतं. तिसरं मूट शेवटचं. तेही असंच गेलं तर उद्या काळा कोट घालूनही आपण काकूच राहणार, या विचारानं त्यांचा घास गोड लागेना.

आणि तिसऱ्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. मूट घेणाऱ्या वर्षाली मॅडमनी चिठ्ठी उघडली, कसंबसं हसू दाबलं आणि वाचलं: वादीकडून नमिता, प्रतिवादीकडून इला. वर्गानं बाकं बडवायला सुरुवात केली. नमिताबाईंना आभाळ ठेंगणं झालं. ही पोरगी घरी ओल्या टॉवेलवरून अर्धा तास भांडते, ही काही आपल्याला सोडत नाही.

भांडण असं होतं. नत्थू नावाचा एक कागदी शेतकरी पंचवीस वर्षं शेजाऱ्याच्या शेतातून आपली बैलबंडी, म्हणजे बैलगाडी, नेत होता. शेजाऱ्यानं एक दिवस तारेचं कुंपण घातलं. नत्थू म्हणतो, वीस वर्षं बिनरोक वापरलेला रस्ता हक्काचा होतो. कायदाही तेच म्हणतो, फक्त एका अटीवर: तो वापर हक्कानं केलेला हवा, शेजाऱ्याच्या परवानगीनं नव्हे.

पुढचे पंधरा दिवस घराची वाटणी झाली. स्वयंपाकघर वादीचं, गॅलरी प्रतिवादीची. मधल्या खोलीत श्रीधरराव, आणि इकडचं तिकडे सांगायची त्यांना सक्त मनाई. इला दार लावून, टीव्ही मोठा करून पाठ करायची. नमिताबाई कुकरसमोर युक्तिवाद करायच्या आणि शिट्टी झाली की न्यायाधीशांनी प्रश्न विचारला असं समजून थांबायच्या. मेथीवालीला त्यांनी जुडी ताजी असल्याचा पुरावा मागितला. दवाखान्यात एक म्हातारबा जुनी फाईल मागायला आले, तर यांच्या तोंडून निघालं, "देते, माय लॉर्ड." म्हातारबांनी मागे वळून पाहिलं, कुणी साहेब आला की काय म्हणून.

मूटच्या सकाळी श्रीधररावांनी दोन डबे भरले आणि दोन निळ्या फायली दोघींच्या पिशव्यांत घातल्या. दवाखान्याच्या दुकानातून एकदम घेतलेल्या, हुबेहूब एकसारख्या फायली. कमी तिखटाचा डबा बरोबर इलाच्या पिशवीत गेला. फायली मात्र उलट्या गेल्या. एका स्कूटीवर बसून दोघी कॉलेजला पोचल्या, पण विरुद्ध पक्षाशी बोलायचं नाही म्हणून वाटेत एक शब्द नाही.

न्यायाधीश होऊन आले होते हेमराज वकील. वर्ध्याच्या कोर्टात चाळीस वर्षं काढलेला माणूस, आणि त्यांना हसताना पाहिलेलं कुणी सापडत नव्हतं. नमिताबाई उभ्या राहिल्या. या खेपेला दातखीळ नाही की काही नाही, पाच मिनिटं गाडी अशी सुसाट गेली की वर्षाली मॅडम लिहायच्या थांबल्या. मग एका तारखेसाठी त्यांनी फाईल उघडली. आत इलाचं अक्षर.

लाल शाईनं लिहिलं होतं: "पान तीन, शेवटची ओळ. नत्थू दर खेपेला शेजाऱ्याला विचारून बंडी घालायचा. म्हणजे परवानगी. आईचा दावा इथंच संपतो." आणि त्याच्या बाजूला एक चौकट आखून: "हे कोर्टात बोलायचं नाही. आई आहे."

नमिताबाईंकडच्या खटल्याच्या कागदांच्या झेरॉक्समध्ये पान तीनची शेवटची ओळ कापली गेली होती. पण ओळीचं राहू द्या, ती चौकट वाचून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुपेशनं सोडलं, आकांक्षानं सोडलं, आणि आता पोटची पोरही सोडणार! त्यांनी समोर पाहिलं. इलानं तेव्हाच आपली फाईल उघडली होती, आत आईचं वाटोळं अक्षर पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गप्प बसलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मार्कही मिळाले असते.

नमिताबाईंनी फाईल मिटली. "माय लॉर्ड," त्या म्हणाल्या, "माझ्या दाव्याला एक मोठं भोक आहे. विरुद्ध बाजूच्या वकिलांना ते सापडलं आहे, पण त्या दाखवणार नाहीत. म्हणून मीच दाखवते."

हेमराज वकिलांनी चष्मा काढला. नमिताबाईंनी पान तीनची ती ओळ घडाघडा सांगितली. सांगून झाली, आणि पुढं काय बोलायचं याचा पत्ताच नाही. स्वतःच खड्डा खणून त्यात उभ्या. तेवढ्यात त्यांना केळझरचे अण्णाजी आठवले, त्यांचे वडील. अण्णाजींचा रस्ता चुलतभावाच्या शेतातून, कागदोपत्री पक्का. तरी धुऱ्यावर, शेताच्या बांधापाशी, बंडी थांबवून ते हाक द्यायचे, येऊ का बाप्पा? तिकडून ओ आली की मग बैल हाकायचे. लहानपणी यांनी विचारलं होतं, रस्ता आपला तर विचारायचं कशाला? अण्णाजी म्हणाले होते, रस्ता आपला, पण पीक त्याचं आहे नं.

आणि मग बाईंची पुस्तकी भाषा गेली उडत.

"माय लॉर्ड, आमच्याकडे विचारतेत ते परवानगीसाठी नाई. माणूस आपल्याच घरात शिरताना 'आहे का कोणी' म्हणते, म्हणून घर दुसऱ्याचं होते काय? विचारनं हा नत्थूचा रिवाज होता. पंचवीस वर्षांत शेजारी एकदा तरी नाई म्हणला काय, आन् नत्थू बंडी घेऊन वापस गेला काय? ते विरुद्ध बाजूनं दाखवावं."

मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, त्या हेमराज वकिलांनी एका नजरेत थांबवल्या. त्यांनी इलाकडे पाहिलं. इला उठली, पण तोंड उघडेना. आईकडे बघत राहिली, चोरी पकडल्यासारखी. तेव्हा भर कोर्टात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वादीचे वकील प्रतिवादीच्या वकिलांना म्हणाले, "इले, भांडजो."

मग काय विचारता! इलानं फाईल बाजूला सारली आणि जी सुटली, ती थांबायचं नाव नाही. रिवाज होता म्हणे, तर रिवाजाचा साक्षीदार कुठं आहे? दावा ज्याचा, शाबीत करायचं काम त्याचं. आणि पान चारवर काय लिहिलंय? एका वर्षी शेजारी नाचणगावला लग्नाला गेला होता, तेव्हा नत्थू दोन दिवस बंडी सोडून बसून राहिला. रिवाजापुरतं विचारणारा माणूस हाक मारून पुढं जातो. हक्क असलेला माणूस दोन दिवस थांबतो कशाला?

नमिताबाई उभ्याच्या उभ्या गार. काय मुद्दा काढला पोरीनं! तरी त्यांनी माती ओली असेल, बंडी फसली असती, असं घुसवून पाहिलं. "ऑब्जेक्शन, आई," इला ओरडली, आणि अख्खं सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या. हेमराज वकिलांनी टेबल ठोकून बजावलं की हे कोर्ट आहे, स्वयंपाकघर नाही. त्यावर दोघी एकदमच "हो, माय लॉर्ड" म्हणाल्या. हेमराज वकील तोंडावर कागद धरून बराच वेळ काहीतरी वाचत राहिले, आणि तो कागद कोरा होता असं रुपेश आजही शपथेवर सांगतो.

निकाल प्रतिवादीच्या बाजूनं लागला. पन्नासपैकी इलाला बेचाळीस, नमिताबाईंना एकोणचाळीस.

बाहेर पायऱ्यांवर इला आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. त्या चौकटीची माफी मागत होती. नमिताबाईंनी सांगितलं की चौकटीचं घरी पाहते तुले, आधी मले बाबांना फोन लावू दे. पहिल्याच रिंगला श्रीधररावांनी उचलला. सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता, कोण हरलं तर कुणाची समजूत कशी घालायची याची जुळवाजुळव चालली होती.

"अहो, मी हरली," नमिताबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "काय हरली म्हणून सांगू जी! पोरीनं एक मुद्दा नाई सोडला."

श्रीधररावांना काही उमगलं नाही. त्यांनी चाचरत विचारलं, डबे तरी बरोबर गेले होते ना.