पाहणीपुरता उतार

मित्रांनो, मी एक जुना लाकडी उतार आहे. सगळे मला रॅम्प म्हणतात. म्हणोत बापडे. आज माझ्या पाठीवर ओरखडे आहेत, कडांचे टवके उडाले आहेत. पण एके काळी मी इतका चकचकीत होतो, की साहेबांना माझ्यात तोंड बघता आले असते.

ज्या सुताराने मला घडवले, त्याची बहीण चाकाच्या खुर्चीवरून हिंडायची. "ताई, जरा चढून बघ गं," असे म्हणत त्याने मला तिच्याकडूनच तपासून घेतले. चाक घसरू नये म्हणून माझ्या पाठीवर खरखरीत पट्ट्या ठोकल्या. मग मी एका कचेरीत आलो. अपंग माणसांना शाळेत, नोकरीत, रस्त्यावर त्यांचे हक्क मिळावेत म्हणून कायदा झाला होता. तो कोणी पाळला नाही, तर त्याची तक्रार इथे ऐकली जायची. आणि नेमक्या याच कचेरीच्या दाराला पायऱ्या होत्या! मला वाटले, आता क्षणाची उसंत मिळणार नाही.

कसले काय! पहिल्याच पाहणीला वरिष्ठ आले, माझे फोटो निघाले, "वा, छान!" झाले. मग मी खराब होऊ नये म्हणून शिपाईकाकांनी मला दाराशेजारच्या अडगळीच्या खोलीत, कपाटामागे नेऊन ठेवले. पुढच्या पाहणीपर्यंत माझा मुक्काम तिथेच. एकदा तक्रारी ऐकणाऱ्या साहेबांना माझ्या पट्ट्या ओंगळ दिसल्या. त्या उपटून मला झकास पॉलिश केले. मीही हुरळून गेलो. पण कपाटामागे परतल्यावर आठवे, की आपल्या पाठीवरून अजून एकही चाक गेलेले नाही. तेव्हा मला फार वाईट वाटे.

पुढे, हा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो यावर संशोधन करणाऱ्या एक बाई कचेरीत येऊ लागल्या. 'रॅम्प आहे का?' या त्यांच्या प्रश्नाला 'आहे' असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. मी होतोच की!

एके सकाळी त्या दारात उभ्या असताना चाकाच्या खुर्चीवरून एक शिक्षिका आल्या. शाळेने त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर नेला होता आणि तिथे लिफ्ट नव्हती. त्यांच्या तक्रारीची आजची सुनावणी हुकली, तर त्यांची नोकरीच जाणार होती.

"चला बाई, आम्ही चौघं उचलून नेतो. दोन मिनिटांचं काम," शिपाईकाका म्हणाले.

"उचलायला मी काय टेबल आहे का, काका? तुमच्याकडे रॅम्प नाही?"

"आहे की! अगदी नवाकोरा ठेवलाय."

"मग आणा ना."

काका अडखळले. "तो... पाहणीचा आहे हो."

 मग संशोधक बाईंनीच बाह्या सरसावल्या. दोघांनी कपाट सरकवून मला बाहेर आणले. अखेर माझा दिवस उगवला! खुर्ची अर्ध्यावर चढली आणि पॉलिशवरून सर्रकन मागे घसरली. काकांनी मागून धरली म्हणून निभावले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काका धावत आत गेले आणि साहेबांच्या दालनातला गालिचाच उचलून घेऊन आले. तो माझ्यावर अंथरला, तेव्हा कुठे शिक्षिका वर पोहोचल्या.

आत काय घडले, ते काका नंतर सुताराला सांगत होते. 'अर्जदार गैरहजर' असे लिहून साहेबांनी फाइल मिटलीसुद्धा होती.

"साहेब, मी तुमच्या दारातच होते," शिक्षिका म्हणाल्या. "गैरहजर तुमचा रॅम्प होता."

साहेबांनी आपल्या पायाखालच्या उघड्या फरशीकडे पाहिले. मग लिहिलेले खोडले आणि सुनावणी सुरू केली.

शिक्षिकांचा वर्ग तळमजल्यावर आला. सुताराने माझ्या पट्ट्या पुन्हा ठोकल्या आणि मला दारातच पक्के बसवले. संशोधक बाई आता दुसराच प्रश्न विचारतात, "आज त्याच्यावरून आत कोण आलं?"

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असे तुम्हाला सांगतात, ते बरोबरच आहे. माझी विनंती एवढीच, की मला फार जपू नका. चिखलाची चाके माझ्यावरून खुशाल जाऊ द्या. आणि तुमच्या शाळेच्या दारात माझा एखादा भाऊ दिसला नाही, तर तो कुठल्या कपाटामागे ठेवला आहे, ते जरूर विचारा.