पाचव्या लोकसभेची मुदत

नागरिकशास्त्राचं गाइड लिहिणारा माणूस नेहमी सहा महिने पुढे असतो. पुस्तक जूनमध्ये पोरांच्या हातात पडणार, म्हणून डिसेंबरात बसून जूनची भाषा लिहायची. जे होणार आहे ते झालं असं लिहून मोकळं व्हायचं. मी सांगलीला विश्रामबागेतल्या एका शाळेत अठरा वर्षं हा विषय शिकवत होतो, त्यातली दहा वर्षं गाइडंही लिहीत होतो, आणि या पद्धतीने एकदाही तोंडघशी पडलो नव्हतो. त्यामुळे माझा स्वतःवर जरा जास्तच विश्वास बसला होता.

पंचाहत्तरच्या डिसेंबरात मी गाइडला एक नवं परिशिष्ट जोडलं: 'पाचवी लोकसभा – सदस्य आणि कायदे'. कुठल्या राज्याचे किती सदस्य, मधेच कोण वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी कोण आले, संस्थानिकांचे तनखे कोणत्या साली गेले, घटनेत कितव्यांदा दुरुस्ती झाली. पाच वर्षं वर्तमानपत्रांची कात्रणं जपली होती, ती सगळी ओतली. जे सदस्य त्या वेळी तुरुंगात होते त्यांच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नाही. एवढी अक्कल दाखवली म्हणजे झालं, असं मला वाटलं. आणि शेवटी सवयीने ओळ लिहिली, 'मार्च १९७६ मध्ये या लोकसभेची मुदत संपली.'

आणीबाणीत ही मुदत वाढवता येते, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण वर्गात सांगितलेलं आपल्या घरी कधी येईल असं कुठल्या मास्तराला वाटतं?

फेब्रुवारीत एका सकाळी पेपर उघडला, तर लोकसभेने आपली मुदत एका वर्षाने वाढवली होती. बायको, शालूबाई, चहा ठेवून गेली. तो तसाच गार झाला. मार्चनंतर हीच लोकसभा कायदे करणार, आणि माझं पुस्तक सांगणार की ती कधीच संपली. मग ते कायदे केले कुणी? असले प्रश्न विचारणाऱ्या एका वकिलाला आमच्याच गल्लीतून जुलैत उचलून नेलं होतं, तो अजून परत आला नव्हता. त्याने नुसतं तोंडाने विचारलं होतं. मी छापलं होतं, वर आपलं नाव घालून.

मी भ्यालो. उगाच आडून सांगण्यात अर्थ नाही, दोनदा परसाकडे जाऊन आलो. शालूबाई लष्करातल्या माणसाची लेक. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाहेर कुणाशी बोलू नका आणि आधी पुस्तकं गोळा करा.

पुस्तक कराडला बाळासोच्या छापखान्यात छापलं होतं. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला. छापखाना त्याचा, तेव्हा आधी त्यालाच नेतील, हे त्याने मला तीनदा सांगितलं. बहुतेक प्रती अजून बांधायच्या होत्या. त्यातलं ते पान आम्ही दोघांनी बसून काढलं, आणि पुढे आठ दिवस बाळासोच्या घरचा बंब त्याच कागदांवर तापला. राहिल्या चाळीस बांधलेल्या प्रती. त्या नमुन्यादाखल दुकानांत गेल्या होत्या. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत मी एस.टी.ने हिंडलो आणि छपाईत चूक झालीय असं सांगून एकेक प्रत परत घेतली. एकोणचाळीस मिळाल्या.

चाळिसावी कवठे महांकाळला केरबाच्या दुकानातून विकली गेली होती. कुणी नेली म्हणून विचारलं, तर केरबा अगदी कौतुकाने म्हणाला की बिराप्पा शिपायाने. पोलिसातला. खात्याच्या परीक्षेला बसलाय, हवालदार व्हायचंय त्याला, सामान्य ज्ञानाच्या पेपराला पुस्तक पाहिजे होतं.

मी तिथूनच सांगलीची गाडी धरली. बिराप्पाकडे जायची छाती झाली नाही. पुढचे चार दिवस काय शिकवलं ते मला आठवत नाही. एकदा शाळेपुढे जीप थांबली, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि खडू हातातच मोडला. जीप आरोग्य खात्याची निघाली. शेवटी शालूबाईनेच रविवारी डबा बांधून दिला. तुम्ही गेला नाहीत म्हणून ते पुस्तक काही उडून जाणार नाही, म्हणाली.

बिराप्पाचं घर गावाबाहेर, दोन खोल्यांचं. दुपारची वेळ. तो बनियनवर बसून पाटीवर काहीतरी लिहीत होता. मी माझं नाव सांगितलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याची बायको बनाबाई उठली आणि तिने दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, संपलं. मी न विचारताच घोंगड्यावर बसलो.

"मास्तर, तुमाला कुनी धाडलं?" बिराप्पाने हळूच विचारलं.

मला कळेना. कुणीच नाही, मी आपणहून आलो, असं मी म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही. साहेबानं धाडलंय का, घरात काय काय वाचतो ते बघायला, असं त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा गडी मलाच भ्यालाय. मी पुस्तकाचं सांगितलं, बाळासोचा बंब सांगितला, एकोणचाळीस प्रतींचं सांगितलं. मग त्याने कणगीमागे हात घालून फडक्यात गुंडाळलेलं गाइड काढलं. शेवटचं पान नव्हतं.

"चुलीत घातलं," तो म्हणाला. "पेपरात मुदत वाढल्याचं आलं त्याच दिशी. पोलिसाच्या घरात आसलं घावलं तर आदी पट्टा उतरिवत्यात, मग इच्यारत्यात."

माझ्या अंगातला ताप उतरावा तसं झालं. मला हसू आलं. पण बिराप्पा हसत नव्हता. तो पाटीकडे बघत होता.

"पर मास्तर, पान जाळलं तरी ते पाठ झालंय. आता डोक्यातनं जाईना. परीक्षेत इच्यारलं, लोकसभेची मुदत कवा संपती, तर काय लिव्हू?"

साधा प्रश्न होता. उत्तर मला कलमासकट येत होतं. पाच वर्षं, आणि आणीबाणी असेपर्यंत एकेका वर्षाची वाढ. पण मग तो पुढे विचारणार, आणीबाणी कवा संपती. तो खाकीतला माणूस, मी त्याच्या बंद घरात, आणि दाराबाहेर कोण उभं असेल ते कुणाला ठाऊक.

"पेपरात पर्याय असतो," मी म्हणालो. "तो प्रश्न सोडा."

"सक्तीचा आसला तर?"

बनाबाईही माझ्याकडे बघत होती. धनगराच्या घरातला पहिला शिकलेला माणूस, चाळिशीला आला तरी पाटी घेऊन बसणारा, आणि तो मला मास्तर म्हणत होता.

"तर कोरा सोडा," मी म्हणालो.

"बरं," बिराप्पा म्हणाला, साहेबाचा हुकूम ऐकावा तसा, आणि पाटी पुसून टाकली.

पुस्तक पिशवीत घालून मी बाहेर पडलो. चाळीसच्या चाळीस प्रती आल्या होत्या, आता मला कुणी काही करू शकत नव्हतं. स्टँडवर उभा होतो आणि मला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की पहिली गाडी आली तेव्हा तिच्यात चढायचं सुचलंच नाही.