सर्वांगाचे दुखणे

फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांग सतत दुखवणारी व्याधी, द्वारकेतील आमच्या सोसायटीत किती प्रौढांना आहे, याची पाहणी करीत डॉक्टर कृतिका घरोघर फिरत होत्या. त्या आल्या तेव्हा अण्णासाहेब पूजेला बसले होते आणि त्यांची सून नीला सहाणेवर चंदन उगाळीत होती.

"घरात कुणाचं अंग महिनोन्महिने दुखतं का?" कृतिकांनी दारातून विचारले.

"ईश्वरकृपेने कुणाचेही नाही," अण्णासाहेब उत्तरले.

"माझं दुखतं," नीला म्हणाली.

"चंदन उगाळताना हात दुखतात, मोबाइल धरताना नाही! आळस आहे हा, डॉक्टर. लिहू नका."

"मोबाइल धरतानाही दुखतात, अण्णा. कधी विचारलंत?"

"देवासमोर उलट उत्तर? आत जा!"

चंदनाचे खोड ठेवून नीला उठली, पण दाराकडे गेली. "लिहा, डॉक्टर. आणि शेजारच्या घरांत सासऱ्यांना विचारू नका. त्यांच्या उत्तरांवर गेलात, तर अख्खी द्वारका निरोगी निघेल."

अण्णासाहेबांनी घंटा इतक्या त्वेषाने वाजविली, की कृतिकांना पुढचा प्रश्न ओरडून विचारावा लागला. नीलानेही उत्तर ओरडूनच दिले.